जागा मिळाली तर

११ फेब्रुवारी

दादा,

काल जागा मिळाली नाही. आज सकाळी फोनवर सांगितलंच, पण तुझ्या दुकानात ते शिलाई मशीन असं खडखडत होतं की तू नुसतं "बरं, बरं" म्हणालास आणि ठेवून दिलास. म्हणून सविस्तर लिहिते. पत्र आमच्या विमान कंपनीच्या टपालाच्या थैलीतून उद्या सकाळच्या विमानाने येईल आणि तुमच्या विमानतळावरचा सामानवाला नेहमीसारखं ते दुपारी दुकानात टाकेल. बघ, पत्राला रोज जागा मिळते, मलाच तेवढी मिळत नाही.

झालं असं, की पोहण्याच्या कसल्याशा स्पर्धेला निघालेला अख्खा संघ आला. उंचच्या उंच मुली, प्रत्येकीच्या खांद्यावर ओला टॉवेल. आम्हा कर्मचाऱ्यांचं तुला माहीतच आहे, प्रवास फुकट पण उरलेल्या जागेवर. दार बंद होईपर्यंत काउंटरपाशी ताटकळायचं, कोणी आलं नाही तर आपलं नशीब. काल सगळे आले. एकजण तर अगदी शेवटच्या क्षणी धापा टाकत आला, हातात बुटाची नाडी. मला त्याचा इतका राग आला म्हणून सांगू!

आणि तू मात्र तिकडे येऊन उभा. तुझं घर विमानतळापासून इतकं लांब, की माझं नक्की कळायच्या आत तुला निघावंच लागतं. दारातून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत तू हलत नाहीस असं वहिनी म्हणते. कशाला रे? गर्दी ओसरली की समजून घ्यायचं आणि घरी जायचं.

ऑपरेशनची तारीख पुढे ढकललीस हे मला मुळीच आवडलेलं नाही. हर्निया ही थट्टा नव्हे. डॉक्टर सांगतात सोफा उचलायचा नाही आणि बाबांना उचलायचं नाही, आणि तू दिवसा सोफे उचलतोस, सकाळ-संध्याकाळ बाबांना. ऑपरेशननंतर दीड महिना तुला काही उचलता येणार नाही, म्हणजे पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात बाबांना न्यायला कोणीतरी हवंच. वहिनी दिवसभर लॉन्ड्रीत राबून येते, तिच्या मनगटांत जीव उरत नाही. कामाला ठेवलेल्या माणसाला बाबा चावले. (मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. त्या बिचाऱ्याला नसेल आलं.) राहिले मी. माझी रजा साठलेली आहे, साहेबांनी सही केली आहे. जागा मिळाली की आलेच समज.

बाबा कसे आहेत? माझ्याबद्दल काही विचारतात का?

तुझी,
छोटी


२३ फेब्रुवारी

दादा,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. चार ओळींत तीन प्रश्न, वाचून मला आपली शाळेतली तोंडी परीक्षा आठवली. एकेक घेते.

पहिला. शुक्रवारी सामानवाला तुला म्हणाला की विमान अर्धं रिकामंच आलं, मग मला जागा कशी नाही? अरे, जागा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरून वारा जोराचा असला की इंधन जास्त भरावं लागतं, इंधन भरलं की वजन वाढतं, मग तितकी माणसं कमी. मागच्या तीन रांगा माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या होत्या, तरी कोणाला बसवलं नाही. विमानांचा हा नियमच आहे, कोणालाही विचार. म्हणजे सामानवाल्याला विचारू नकोस, त्याला वजनाचं काही कळत नाही.

दुसरा. बाबा विचारतात की ती राहते ते शहर किती लांब. हे तू मला काय विचारतोस? रस्त्याने, डोंगराला वळसा घालून गेलं तर दिवस मोडतो, आणि हे बाबांना तुझ्यामाझ्याहून जास्त माहीत होतं. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस तो. विमानाचं म्हणशील तर तिकिटावर एक तास पंचवीस मिनिटं छापलेलं असतं.

आता घरातल्या घरात सांगते, बाहेर बोलू नकोस. खरी वेळ पन्नास मिनिटांची आहे. वरची पस्तीस आमच्या खात्याने घातलेली, म्हणजे मीच. दुधात पाणी घालावं तसं आम्ही वेळेत वेळ घालतो. विमान अर्धा तास उशिरा निघालं तरी पोचतं 'वेळेवर', आणि लोक खूश. एखादं वेळेवर निघालं तर वेळेच्या आधी पोचतं, मग लोक टाळ्या वाजवतात. याचा मला पगार मिळतो. तू सोफ्यात कापूस भरतोस, मी प्रवासात मिनिटं भरते. एका आईची लेकरं, धंदा एकच.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. मी तुझ्यावर रागावलेली नाही. गेल्या वेळी दोन दिवस आधी निघाले, कारण ऑफिसातून फोन आला होता. दुसरं काहीही कारण नव्हतं. वहिनीला तसं वाटलं असेल तर तिला सांग.

ऑपरेशनची तारीख पक्की कर. मी येतेच आहे.

छोटी


४ मार्च

दादा,

तू तिकीट काढलंस? मला न विचारता?

सकाळी टेबलावर पाकीट पाहिलं आणि आधी वाटलं कोणाचं तरी चुकून आलं. दहा तारखेचं, पूर्ण पैशांचं, खिडकीशेजारच्या जागेचं. आमच्या ऑफिसातल्या मुली हसल्या. विमान कंपनीतल्या बाईला तिकीट पाठवणारा भाऊ त्यांनी पहिल्यांदाच पाहिला म्हणे. मीही हसले त्यांच्याबरोबर, दुसरं काय करणार?

तू लिहितोस, "तुला उभं राहून राहून परत जावं लागतं, ते मला बघवत नाही. या वेळी तुझी हक्काची जागा आहे." दादा, इतकं साधं का लिहितोस रे तू? जरा चिडून लिहिलं असतंस तर मला बरं पडलं असतं.

असो. आता जागा नाही असं म्हणण्याची सोयच राहिली नाही. म्हणजे, अडचणच राहिली नाही असं मला म्हणायचं होतं. बाराला तुझं ऑपरेशन, दहाला मी येते, मधला एक दिवस तू मला सगळं शिकवशील. बाबांना कुठून धरायचं, पाठीखाली हात कसा घालायचा, औषधं. आणि ते बाकीचं.

ते बाकीचं बाबा स्वतः सांगतात का आता? का आपल्यालाच ओळखावं लागतं? सहज विचारते.

विमानतळावर येऊ नकोस. मी टॅक्सीने येईन. अवघडून इतक्या लांब येऊ नकोस, ऐक माझं.

छोटी


११ मार्च

दादा,

काल कंपनीने ऐनवेळी माझी जागा दुसऱ्या विमानाच्या वैमानिकाला दिली. कधी कधी करतात असं. मी पुष्कळ भांडले. तुला कळवायला उशीर झाला, फोनची बॅटरी संपली होती.

तिकिटाचे पैसे परत मिळतील ते बघते.

सकाळपासून वहिनीचे बरेच फोन येऊन गेले. मीटिंगमध्ये होते, उचलता आले नाहीत. रागावली असेल. तिला म्हणावं, संध्याकाळी करते.

छोटी


१६ मार्च, तुझ्या घरून

दादा,

हे पत्र थैलीतून येणार नाही. वहिनी संध्याकाळी दवाखान्यात येताना डब्याबरोबर आणेल. वाचायचं नसेल तर उशीखाली ठेव, पण फाडू नकोस.

काल मी दवाखान्याच्या जिन्यापर्यंत आले होते. वहिनी वरून खाली आली आणि म्हणाली, "ते म्हणाले, तिला वर पाठवू नकोस." तिने आवाजही चढवला नाही. मग पिशवीतून घराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "समोरच्या काकू पाच दिवस बसताहेत बाबांपाशी. त्यांना आता सोडव." मी आले कधी, कशी, या वेळी जागा मिळाली का, तिने यातलं काही विचारलं नाही.

मी तुझ्याशी खोटं बोलले, दादा. एकदा नाही, दर वेळी. पत्रं लिहीत होते कारण फोनवर खोटं बोलताना माझा आवाज पातळ होतो, आणि तो तू लहानपणापासून ओळखतोस. कागदावर आवाज नसतो.

पोहणाऱ्यांचा संघ आला होता हे खरं, पण तो आदल्या दिवशी. मी आले त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने माझं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. मी खांबाआड उभी होते. त्यानंतरच्या शुक्रवारी वाऱ्याचा नियम खरा होता, वारा नव्हता. सामानवाल्याला सगळं बरोबर कळतं.

आणि दहा तारखेला मी विमानात बसले होते.

कोणी वैमानिक आला नाही, कोणी माझी जागा घेतली नाही. तू काढलेल्या खिडकीशी मी बसले. विमान वेळेवर सुटलं आणि वेळेच्या बरंच आधी उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सामान घेण्याच्या दालनात आले, तिथल्या काचेतून बाहेरचं दिसतं. म्हटलं, एवढ्यात कोण आलेलं असणार? येऊ नकोस असंही लिहिलं होतं. जरा बसू, पाणी पिऊ, मन घट्ट करू.

तुम्ही दोघंही आला होता.

बाबा चाकाच्या खुर्चीत, कोट घातलेले, कोटाची बटणं एक घर चुकून लागलेली. तू त्यांच्यापुढे वाकून त्यांचा घसरलेला पाय खुर्चीच्या पायरीवर ठेवत होतास आणि दुसरा हात स्वतःच्या जांघेवर दाबून धरला होतास. मग तू खिशातून कंगवा काढून त्यांचा भांग पाडलास. ते दाराकडे बघत होते. तुझ्यामाझ्यात वीस पावलं नव्हती, दादा. मधे एक काच होती आणि एक दार, आणि ते दार आपोआप उघडतं.

मी मागे वळले. मी कर्मचारी, मला मागचा रस्ता माहीत. तेच विमान परत जाणार होतं. आत जाताना तिथल्या मुलीने विचारलं, "लगेच परत, मॅडम? बसा कुठेही, रिकामंच आहे." मी बसले. तुम्ही दारापाशी किती वेळ थांबलात ते वहिनीने काल सांगितलं. दिवे कमी केले तेव्हा पहारेकऱ्याने तुम्हाला उठवलं म्हणे.

आणि टॅक्सीत बाबांना चढवताना ते ताठ झाले, खुर्ची सोडेनात, तू त्यांना उचललंस. घरापाशी पुन्हा उचललंस. त्याच रात्री आतडं अडकलं. बाराला जे ठरवून, हसतखेळत व्हायचं होतं ते अकराच्या पहाटे घाईघाईत झालं, आणि आतड्याचा तुकडा कापून टाकावा लागला. सकाळी वहिनी मला हे सांगायला फोन करत होती, आणि मी तुला बॅटरीची गोष्ट लिहीत बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला आता कळतं. तेही उशिरा कळलं, त्याचा तुला काही उपयोग नाही.

का, असं तू विचारणार नाहीस. पण सांगते. गेल्या वेळी आले होते तेव्हा तू सोफा पोचवायला गेला होतास आणि वहिनी कामावर. बाबांना खुर्चीतच झालं. त्यांनी मला हाक मारली. नावाने नाही, नुसतं "अगं ए". मी दारातून पाहिलं, वास आला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. हाक ऐकू येऊ नये म्हणून. तू येईपर्यंत नळ चालू होता. तुला म्हणाले, डोळा लागला होता. तू म्हणालास, "प्रवासाने दमली असशील," आणि बाह्या वर करून आत गेलास.

मला त्यांची किळस आली, दादा. ज्यांनी मला खांद्यावरून शाळेत नेलं त्यांची. घरी परत गेल्यावर स्वतःची आली, आणि इकडे यायला निघाले की ती पुन्हा यायची. विमानात जागा होती. मलाच मी कुठे ठेवू ते कळत नव्हतं.

माफी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मागायला तोंड नाही. तू वर बोलावू नकोस. फक्त बाबांना कुठून धरायचं तेवढं वहिनीजवळ सांग, काल उचलताना त्यांचा दंड दुखावला.

छोटी


१९ मार्च

दादा,

तुझा निरोप वहिनीने शब्दशः सांगितला. "दंडाला धरू नकोस, काखेखालून हात घाल, आणि उचलण्याआधी त्यांना सांग." एवढंच म्हणालास म्हणे, आणि भिंतीकडे तोंड केलंस. सांगून उचललं की ते खरंच अंग सैल सोडतात. मी हे गेल्या दोन दिवसांत कितीदा करून पाहिलं.

कळवायच्या गोष्टी कळवते. दुकानावर पाटी लावली आहे, महिनाभर बंद. मोठ्या सोफ्याचं गिऱ्हाईक येऊन ओरडून गेलं, मी ऐकून घेतलं. समोरच्या काकू माझ्याशी बोलत नाहीत, दारातून भाजी देतात आणि जातात. वहिनी बोलते, कामापुरतं. काल मात्र लॉन्ड्रीतून आली, तिने बाबांची चादर पाहिली आणि म्हणाली, "कोपरे छान दुमडलेस." मी न्हाणीघरात जाऊन रडले, इतकी मी आता स्वस्त झाले आहे.

ते 'बाकीचं' मी करते. पहिल्या दिवशी तोंडाला फडकं बांधलं होतं. बाबा त्या फडक्याला घाबरले, म्हणून काढलं. वास येतो. येतो म्हणून काही होत नाही, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं असं लिहिणार होते. पण कोण सांगणार? तू तर माझ्यादेखत रोज करत होतास.

त्यांनी मला ओळखलेलं नाही. मला "बाई" म्हणतात, अहो-जाहो करतात. आधी वाटलं, बरंच झालं. कामाला ठेवलेल्या बाईला कोणी जाब विचारत नाही.

आज दुपारी त्यांचे पाय कोमट पाण्यात घेऊन बसले होते. ऊन आलं होतं, ते खुशीत होते. म्हणाले, "तुमचा हात हलका आहे, बाई. आमच्या मुलाचा जड. पण मुलगा सोन्यासारखा."

मी विचारलं, "आणि मुलगी?" विचारायला नको होतं.

"मुलगी विमान कंपनीत असते. फार मोठ्या हुद्द्यावर." मग माझ्याकडे वाकून, कोणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाले, "यायला बघते हो ती. दर वेळी विमानतळापर्यंत येते बिचारी. जागाच मिळत नाही."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मुलगा सांगतो ना. मी विचारलं की सांगतो."

म्हणजे दहा तारखेनंतरही तू त्यांना हेच सांगून दवाखान्यात गेलास. तेव्हा तुला खरं माहीत नव्हतं, मान्य. पण परवा माझं पत्र वाचल्यावर तू वहिनीला म्हणालास, "बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस." हे तिने मला आत्ता, चहा गाळताना सांगितलं. माझं खोटं तू अजून सांभाळतो आहेस, आणि ते माझ्यासाठी नाही हेही मला कळतं.

दुपारी बाबांपुढे मात्र मला राहवलं नाही. वाटलं, यांना तरी एकदा खरं सांगावं, विसरतील तर विसरतील. पाण्यातून त्यांचा पाय वर घेतला, टॉवेलात धरला आणि म्हटलं, "ते शहर लांब नाही. विमानाने पन्नास मिनिटं लागतात."

बाबा हसले. जन्मभर बस चालवलेला माणूस, अंतराच्या बाबतीत त्यांना कोणी काही शिकवायचं नाही. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि नवख्या माणसाला रस्ता समजावून सांगावा तसं सावकाश म्हणाले, "कोणीतरी चुकीचं सांगितलंय तुम्हाला, बाई. एवढं जवळ असतं तर ती आली असती."

छोटी